अर्धं राहिलेलं गोड दही

माझी बायको शेवंता गेली हे गावी मीच फोन करून कळवलं. पलीकडे थोरली वहिनी होती. ती रडली, आणि मग म्हणाली, "तिकडचं खाणंच तसलं भावजी. रोज गोडधोड. तिला तोंडावर ताबाच नव्हता." मी फोन ठेवला. महिना झाला, तिचा फोन उचललेला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे लिहिणारच.

आमचं सोन्याच्या गलाईचं काम, सोनं वितळवून शुद्ध करायचं. लग्न होऊन बायको कोलकात्याला आली, तेव्हा मी मातीच्या भांड्यातलं गोड दही आणलं. "अहो, दही गोड कसं? नासलंय काय?" म्हणाली, आणि एकटीनं संपवलं. मग दर रविवारी दही ठरलेलं. रिकामी भांडी धुऊन खिडकीत मांडायची, त्यात मेथी लावायची.

स्तनात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी, तिकडं मावशीला म्हणतात तसं मासिमा म्हणत, विचारलं, "मासिमा, मुलं किती? अंगावर किती दिवस पाजलं?" आम्हाला मूल नाही. गावानं हाच प्रश्न शेवंताला जन्मभर विचारला होता... घरी आल्यावर तिनं दही सोडलं, मग दूध, मग तूप. "माझ्याच अंगाचा दोष, अहो. फेडते." औषधं चालू, आणि बाई उपाशी!

मी हट्टी. तिला परत नेलं. "हिच्या तोंडावर सांगा, हिचं काय चुकलं?" बाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, मूल न होणं, पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, उतारवयात वजन वाढणं, यानं हार्मोनचा फरक पडतो, धोका थोडा वाढतो. दारूनंही वाढतो. म्हणून विचारावं लागतं. पण अमक्या बाईलाच का झालं, ते कुणी सांगू शकत नाही. "दह्यानं झालं नाही, मासिमा. उपाशी राहून जाणारही नाही. खा." सोनं भट्टीत वितळलं की कीट मला दिसतं. माणसाचं तसं नसतं.

टॅक्सीत ती म्हणाली, "मग आता मला कुणी बोल लावायचा नाही ना?"

"लावून बघू दे."

"भांडू नका हो. दही घ्या."

पुढं दुखणं पसरलंच. शेवटच्या रविवारी तिनं अर्धं खाल्लं. "उरलेलं उद्या," म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं झाकण ठेवलं...

ते भांडं मी धुतलेलं नाही. आत अर्धं दही तसंच वाळलंय, त्याच्या सायीत तिच्या चमच्याची रेघ आहे. वहिनी येणार, असं गावाकडनं कळलंय. येऊ दे. आधी ते झाकण उघडून दाखवीन, म्हणीन, हा बघा तिचा तोंडावरचा ताबा.