स्ट्रेनरची जाळी

आमचे भावोजी कारखान्यांत पाण्याचे पाइप बसवतात. पस्तीस वर्षं तेच करतात आणि पस्तीस वर्षं समोरच्याला गाढव समजतात. मी त्यांना अहो-जाहो करतो ते ताईकडे बघून. माणूस त्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आले की आधी आमची किटली उघडून आत बोट फिरवणार. "हा पांढरा थर बघ. असलं क्षाराचं पाणी पोटात घालतोस आणि वर मला अक्कल शिकवतोस." मुलांसमोर, बायकोसमोर, कसलीच भीडभाड नाही. नळ कुठे गळतोय ते बरोबर दाखवतील, दुरुस्त मात्र करणार नाहीत. "तुझं घर, तुझे हात," म्हणतात.

मी ज्या कारखान्यात मशीन चालवतो, तिथे अशा माणसाला मी काम मिळवून दिलं, ताईने गळ घातली म्हणून. प्लॅस्टिकच्या साच्यांना गार पाणी पुरवणारा नवा चिलर आला होता आणि मॅनेजरसाहेबांना तो सोमवारी चालू हवा होता. भावोजींनी चार दिवस नुसती लाइन धुतली. पाणी मशीनला वळसा घालून फिरवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं, काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरायचं. साहेब चिडले तेव्हा म्हणाले, "वेल्डिंगचा कचरा आत गेला तर मशीन तुम्ही साफ करणार का?" साहेबांशी असं कुणी बोलतं का? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

जाताना त्यांनी मला मशीनच्या तोंडाशी बसवलेला स्ट्रेनर दाखवला. आत बारीक जाळी असते, कचरा तिथे अडतो. "जुन्या पाइपांचा गंज अजून महिनाभर येत राहील. रोज सकाळी जाळी काढायची, धुवायची, परत बसवायची. जमेल ना तुला, की लिहून देऊ?"

तो शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात गेला.

आठ दिवस धुतली. पण जाळी धुवायची म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मशीन बंद, साचे तापलेले आणि वर साहेबांची आरडाओरड. नवव्या दिवशी जाळी काढली आणि सरळ भंगाराच्या पिंपात टाकली. पाणी कसं धो धो वाहिलं! म्हटलं, बसा आता लिहून देत.

तीन आठवड्यांनी चिलर बंद पडला. आतल्या पत्र्यांमधल्या अरुंद फटी गंजाने भरल्या होत्या. पाणी अडलं, अडलेलं पाणी गोठलं आणि पत्रा फाटला. भावोजींना बोलावणं गेलं. त्यांनी सगळ्यांसमोर स्ट्रेनर उघडला. आत जाळी नव्हती.

"बसवायलाच विसरलात," साहेब म्हणाले.

"मी विसरत नाही."

"मग गेली कुठे?"

भावोजी माझ्याकडे वळले. "तू सांग. जाळी होती की नव्हती?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. भोवती दहा माणसं उभी होती. खरं बोललो तर माझी नोकरी जाणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे फाटक दाखवलं आणि शेजारच्या कारखान्यांनाही कळवतो म्हणाले. मला वाटलं, आता हे माझी गचांडी धरणार. त्यांनी पिशवीतून नवी जाळी काढली, बसवली, झाकण आवळलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "रोज धू." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. त्या दिवसाइतका त्यांचा राग मला कधीच आला नव्हता.

दोन महिने झाले, एकाही कारखान्याने त्यांना आत घेतलेलं नाही. परवा ताईकडे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता ताईने विचारलं, "तू तर तिथेच होतास ना रे? हे काही बोलतच नाहीत. खरंच विसरले का?"

भावोजींनी मान वर केली नाही. ते जेवत राहिले. एका शब्दाने मला उघडं पाडू शकले असते, पण तेवढीही माझी किंमत ठेवायची नाही त्यांना.

"हो ताई," मी म्हणालो. "विसरले."

ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. पस्तीस वर्षं तिने ह्या माणसाचा तोरा झेलला होता, कारण कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, अशी तिची खात्री होती.

"मग जाऊन साहेबांची माफी मागा ना," ती त्यांना म्हणाली.