ओढ्याचे अकरा दगड

एल्वुड वेट्झेलने चाळीस वर्षं दगड बसवले. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगराळ खोऱ्यातली निम्मी धुराडी आणि अंगणाच्या भिंती त्याच्या हातच्या. चपटा दगड हवा असला की तो ओढ्यात उतरे, पहार घाली आणि उचली. खालून कधी दोन फुटी, सुरकुतलेलं, पालीसारखं दिसणारं बुळबुळीत सॅलमँडर निसटे. "शेंबडं पाणमांजर!" म्हणून सगळे हसत. तोही हसे.

मग विधानसभेने त्याच जनावराला राज्याचा अधिकृत उभयचर ठरवलं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्यावर व्याख्यान होतं. नॉर्मा, त्याची बायको, त्याला ओढून घेऊन गेली. ओढ्यातल्या जनावरांची मोजदाद करणारी टेसा सांगत होती, "नर वर्षानुवर्षं एकाच चपट्या दगडाखाली राहतो. अंडी तिथंच राखतो. दगड गेला की घर गेलं."

एल्वुडने पुढ्यातला सफरचंदाचा केक अर्धाच ठेवला.

तेव्हापासून तो खुर्चीत दहा मिनिटं टिकेना.

"एक तर बस, नाही तर बाहेर जा," नॉर्मा म्हणाली. "गालिचा झिजवलास."

"भिंत पाडतो."

"माझी? त्या भिंतीसाठी मी सहा वर्षं तुझ्या मागे लागले होते!"

"तिच्यातले अकरा दगड कुठून काढले ते मला आठवतंय. बाकीच्यांचं आठवत नाही."

नॉर्माने खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फुलझाडांवर पाडू नकोस."

दगड ओढ्यात परत ठेवायची परवानगी टेसाने काढून दिली. एल्वुडचं वय एकाहत्तर. फळ्यांच्या घसरगाडीवरून दिवसाला दोन दगड, त्याहून जास्त नाही. एकेक दगड त्याने पाणसळ लावून बसवला, कडेच्या फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या. एकही डगडगेना.

टेसाने पाण्यात डोकं घालून पाहिलं आणि वर आली.

"मिस्टर वेट्झेल, काम देखणं आहे. पण दार कुठंय?"

"कसलं दार?"

"आत शिरायला. तुम्ही चारी बाजू बंद केल्यात."

त्याने हातांकडे पाहिलं. फट दिसली की बुजवायची, एवढंच त्यांना येत होतं.

पुन्हा अकरा दगड. पाणी वाहत जातं त्या अंगाला चार बोटं फट. दगड टेकला की हात आपोआप चीप शोधायचा. शेवटी नॉर्मा काठावर खुर्ची टाकून बसली.

"खिसे उलटे कर."

चार चिपा निघाल्या.

"लाज वाटते का?" तिने विचारलं.

"दगड वाकडा दिसतोय."

"दिसू दे."

सातवा दगड सगळ्यात वाईट बसला, पण तेवढ्यात त्याची कंबर धरली. तो तसाच राहिला.

सप्टेंबरअखेर टेसा काठीला लावलेला कॅमेरा घेऊन आली. पहिला दगड रिकामा. दुसरा, तिसरा रिकामे. गुडघाभर पाण्यात एल्वुड या पायावरून त्या पायावर होत होता. सहावाही रिकामा.

"यायचं असतं तर एव्हाना आलं असतं," तो म्हणाला.

"तोंड मिट," काठावरून नॉर्मा.

सातव्यापाशी टेसाने हात वर केला. पडद्यावर फटीत एक रुंद, चपटं डोकं होतं, उंबऱ्यात बसल्यासारखं.

"अंडी?" एल्वुडने विचारलं.

"मागे आहेत. राखतोय तो."

एल्वुड त्या दगडाकडे पाहत राहिला. अर्धा इंच उतरता होता. त्याचा हात सोबत आणलेल्या पहारीकडे गेला.

"एल्वुड," नॉर्मा म्हणाली.

त्याने दोन्ही हात खिशात घातले.