आधी ऐका, मग खोली दाखवा

भाड्याची खोली बघायला गेलेला माणूस पाण्याचं विचारतो, संडासाचं विचारतो आणि स्वतःबद्दल जेवढं बरं आहे तेवढंच सांगतो. वाचमनमामा उलटं करायचे. ओसरीवर चढायच्या आधी अंगणातच चपला काढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी ऐका, मग खोली दाखवा. माझ्याकडं एक जनावर हाय." पुढचं ऐकल्यावर बहुतेक जण खोली दाखवतच नसत.

ते जनावर म्हणजे इग्वाना, सरड्याच्या जातीतली. शेपटीसकट चार फूट लांब, हिरवट करडी, पाठीवर करवतीसारखे दाते. मूळची दूरदेशची. काळी नदीकाठच्या एका रिसॉर्टने पाहुण्यांना फोटो काढण्यासाठी ती आणली होती. मामा तिथे वाचमन होते. रिसॉर्ट बंद पडला, मालक निघून गेला. जाताना त्याने इग्वाना आणि तिच्या नोंदणीचे कागद मामांच्या हवाली केले. दोन महिन्यांत येऊन नेतो म्हणाला होता. तो आला नाही. मामांनी तिचं नाव बायो ठेवलं, कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले आणि रामनगरात लाकडाच्या वखारीवर नोकरी धरली.

बायो पाला खायची. जास्वंदीचा, शेवग्याचा, कधी भोपळ्याची फोड. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मामा जास्वंदीची पानं मागत. फुलाला हात लावत नसत. "फूल देवाला, पान बायोला," म्हणत. ती चावत नव्हती, आवाज करत नव्हती. तिला फक्त ऊब लागायची. तिच्या पेटीवर शंभरचा बल्ब कायम जळत असे, आणि पावसाळ्यात वीज गेली की मामा बाटल्यांत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवत.

अडचण तिच्या दिसण्याची होती. आमच्या भागात तिला पाहणाऱ्या प्रत्येकाला ती घोरपडच वाटे. घरात घोरपड शिरली तर ते घर सोडावं लागतं, असं इथे मानतात. माणसं भांडीकुंडी घेऊन बाहेर पडतात, दाराला कुलूप लावतात, काही महिने दुसरीकडे काढतात, मग घराची शांत करून परत येतात. ही ऐकीव गोष्ट नाही. अशी कुलूपबंद घरं मी पाहिली आहेत. अशा गावात कोण घोरपडीला खोली देणार? वखारीतली पोरं मामांना डिवचायची, "मामा, एवढं मटण घेऊन फिरता, आमाला बोलवा की एकदा!" मामा हसत नसत. "रानात दिसली तर मटण, घरात आली तर अवदसा. मधी जगायला तिला जागाच न्हाई," म्हणत.

मी तेव्हा तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. वखारीसमोरच्या चहाच्या टपरीवर आमची ओळख झाली. गाव कुठलं, असं मी विचारलं. "सुप्याच्या पाण्यात," मामा म्हणाले. सुप्याचं धरण झालं तेव्हा ते शाळेत होते. घर बुडालं, जमीन बुडाली. भाऊबंद जागा मिळाली तिथे गेले. मामांनी लग्न केलं नाही. हे सगळं त्यांनी चहा निवेपर्यंत सांगून संपवलं. त्यात तक्रार नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात त्यांना राहती खोली सोडावी लागली. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि पाहुणे यायच्या आत 'ते' बाहेर जायला हवं होतं. पावसाला तीन आठवडे होते. वखारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायो पावसाळा काढणार नाही, हे मामांना माहीत होतं. त्यांनी नऊ घरं पाहिली. नऊही ठिकाणी अंगणात उभं राहून आधी सांगितलं.

दहावं घर मी शोधलं. मालकाला सगळे अण्णा म्हणत. खानापूरकडचं कुटुंब, थोडी भातशेती, कौलारू घर आणि त्याला लागून एक भाड्याची खोली. मी मामांना म्हणालो, "या वेळी सांगू नका. खोलीतच असते ती. कुणाला कळणार आहे?"

मामांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमी म्हणता म्हणून."

फळांच्या खोक्यातून बायो त्या खोलीत गेली. महिनाभर कुणाला कळलं नाही. त्याच महिन्यात अण्णांच्या घरी नातू झाला.

जुलैत पावसाने झाडं तारांवर पाडली आणि चार दिवस वीज नव्हती. मामा बाटल्या बदलत राहिले. पण रात्रपाळीच्या वेळी बदलायला कुणी नव्हतं. कौलारू घरात मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी बायो पेटीचं झाकण उचलून भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. पलीकडे न्हाणी होती. बाळंतिणीच्या पाण्यासाठी तिथली चूल दिवसरात्र पेटती असे. अण्णांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, तान्ह्याला अंघोळीसाठी पायांवर घेतलं आणि समोर पाहिलं. चुलीशेजारच्या ऊन दगडावर ती डोळे मिटून पडली होती.

अक्का ओरडल्या नाहीत. ओल्या पोराला पदरात गुंडाळून उठल्या आणि तशाच पावसात बाहेर पडल्या. अण्णांनी काठी घेतली आणि ठेवून दिली. घरात मारली तर दोष आणखी वाढतो.

मामा वखारीतून परतले तेव्हा सगळं कुटुंब समोरच्या दुकानाच्या वळचणीला उभं होतं. सुनेच्या डोक्यावर गोणपाट होतं. मामांनी आत जाऊन बायोला उचललं, सदऱ्यात घातलं आणि कागद घेऊन अण्णांसमोर आले. मामांनी मला बोलावून घेतलं होतं, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"अण्णा, ही घोरपड न्हवं. लांबच्या देशातली हाय. माझी हाय. हे कागद बघा."

अण्णांनी कागद घेतले नाहीत. "आमच्या घरात काय शिरलं ते आमी बघितलंय. तुमी आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

"न्हाई दिली असती," अण्णा म्हणाले. "पण आमचं घर ऱ्हायलं असतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी अण्णांनी दाराला कुलूप लावलं आणि टेंपो करून सगळे सुनेच्या माहेरी, नंदिगड्ड्याकडे गेले. पाऊस थांबला नव्हता. तान्ह्याच्या छातीत कफ भरला आणि आठ दिवस त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. मामा रोज बसने जाऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहत. आत जात नसत. बाहेर येणाऱ्या अक्कांकडे नुसतं पाहत. नवव्या दिवशी पोराला घरी नेलं. अक्का त्यांच्याजवळ थांबल्या. "वाचलं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मामांनी बायोला वखारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं होतं. तिथे तिसऱ्याच दिवशी ती मेली. मामांनी तिला सुप्याच्या पाण्याकाठी पुरलं. "आमच्या गावात ठेवून आलो," असं त्यांनी सांगितलं.

अण्णांचं घर तीन महिने बंद राहिलं. दिवाळीच्या आधी मी मामांसाठी पुन्हा खोली पाहिली. मालकीण निवृत्त शिक्षिका होत्या. माणूस एकटा आहे, सालस आहे, असं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. आम्ही गेलो तेव्हा बाईंनी खिळ्यावरची किल्ली काढून हातात घेतली होती. मामांनी अंगणात चपला काढल्या.

"बाई, आधी ऐका, मग खोली दाखवा. माझ्याकडं एक जनावर होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. न्हाणी, तान्हं पोर, कुलूप. काही गाळलं नाही, माझा सल्ला सोडून. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दोघांना चहा दिला आणि किल्ली परत खिळ्याला लावली.

परतताना मी म्हणालो, "मामा, आता ती नाही. सांगायची काय गरज होती?"

"ती न्हाई. पण झालं ते हाय न्हवं?"

त्यानंतर मी त्यांच्यासाठी आणखी दोन घरं पाहिली. दोन्ही ठिकाणी तेच झालं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मामा वखार सोडून गेले. गोव्याला गेले असं एक जण म्हणाला, कारवारला असं दुसरा. शेडमध्ये त्यांची रिकामी पेटी राहिली होती. वखारीच्या पोरांनी तिच्यात खिळे ठेवले आहेत. बल्ब अजून लागतो.