रॅमचं टायमिंग जमलं तेव्हा
वाळत्या मोहफुलांचा वास आला की कुरखेड्यातली माझी भाड्याची खोली आठवते. गावात ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी कम्प्युटरचा वेग वाढवत बसायचो. रॅमचं, म्हणजे मेमरीचं, टायमिंग वेगासाठी जरा कमी केलं की स्क्रीन काळी व्हायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. एका दुपारी मात्र कमी टायमिंगवर मेमरीची टेस्ट एकही चूक न येता पार पडली. कोणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून अंगणात धावलो. घरमालकीण मोहफुलं पसरत होत्या. “बाई, जमलं!” “काय जमलं, भाऊ?” मी सगळं सांगितलं. “मले त्यातलं काई समजत नाई,” त्या हसल्या, “पण बसा इथी, सांगा.” ऊन उतरेपर्यंत मी बोलत राहिलो. आता शहरात काही जमलं की मी अजूनही दार उघडतो. बाहेर रिकामा जिना असतो.