मिश्रीच्या डबीतला कोळसा

माझ्या सासूला मी वर्षभर कोळसा लावायला दिला. चुकून नाही, ठरवून. कुटून, चाळून, तिच्याच पितळी डबीत भरून दिला. कोणी म्हणेल, बाई, म्हाताऱ्या माणसाशी असं वागतात? वागतात. माझी गोष्ट ऐका आणि मग काय बोलायचं ते बोला.

आम्ही पाथर्डीकडचे. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर कोयता घेऊन ऊस तोडायला. मला दिलं कोल्हारला, प्रवरेच्या काठी, पाटाच्या पाण्यावरच्या बागायती घरात. सासू ते पाणी जसं काही स्वतःच्या कमरेवर आणून ओतत होती, अशा तोऱ्यात असायची. लग्नाला आठ दिवस होत नाहीत तोवर तिने मला तंबाखूची पानं दिली आणि म्हणाली, "भाज."

मिश्री भाजायची म्हणजे काय, हे आताच्या सुनांना सांगावं लागेल. काळी तंबाखू तापल्या तव्यावर टाकायची, करपून काळी झाली की चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. भाजताना असा खाट, नाकात झोंबणारा धूर उठायचा, की शेजारच्या घरातली माणसंही शिंकायची. आणि तवा कुठला? भाकरीचा! त्याच तव्यावर तंबाखू, तो फडक्याने पुसायचा आणि त्याच्यावरच भाकरी. पहिला पापुद्रा कडू लागायचा. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, मिश्रीला येगळा तवा घेऊ का?" तर म्हणाली, "तुझ्या म्हायेरी दोन तवं हुतं का गं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नवी सून काय बोलणार?

सकाळी उठल्यावर मिश्री, जेवण झालं की मिश्री, दुपारी अंगणात बसल्यावर मिश्री, चहाच्या आधी मिश्री. दात दुखला तर मिश्री, पोट साफ होत नाही तर मिश्री. गावातल्या सगळ्याच बायका लावायच्या. बिडी ओढणारी बाई असती तर तिला वाळीत टाकली असती, पण मिश्रीला कोणी व्यसन म्हणतच नव्हतं. दात घासतोय, त्यात काय, असं. सासूचा मात्र एक मानीपणा होता. दुसरीच्या डबीत ती कधी बोट घालायची नाही. मेले तरी उसनी चिमूट घेणार न्हाई, म्हणायची. ही गोष्ट पुढे माझ्या फार कामी आली.

मला पहिल्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोटात पाणी ठरेना. सासूने माझी हनुवटी धरली, डबीतलं बोट सरळ माझ्या तोंडात घातलं आणि हिरड्यांवरून फिरवलं. "मळमळ जाती. आमी सगळ्यांनी असंच केलं." डोकं गरगरलं, घाम फुटला, पण मळमळ थांबली खरी. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लावली. पंधरा दिवसांत मी आपणहून डबी शोधायला लागले. दुपारची चिमूट चुकली तर जीव नुसता कासावीस व्हायचा.

सातव्या महिन्यात माहेरी न्यायला यायचे, तर तिकडे दुष्काळ. आई-बाप उसाच्या फडावर. आठव्यातच पोटात दुखायला लागलं. मुलगा झाला. एवढासा, दोन ओंजळींत मावेल असा. रडलाच नाही. नदीच्या बाजूला नेऊन पुरला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि बाहेर सासू भेटायला आलेल्या बायकांना सांगत होती, "कोरडवाहूतली पोर हाय ही. तिकडं बाजरीसुदिक दाना धरत न्हाई, ही काय धरनार?"

बायका हसल्या नाहीत. पण एकीनेही तिला अडवलं नाही.

मी रडत होते, तर आत येऊन वर म्हणते, "तीन पुरून मी उभी राह्यले. चौथा तुझा नवरा. तू एकातच रडतीस व्हय?" ते वाक्य मी गिळलं. पण पचवलं नाही. त्या दिवशी ठरवलं, हिला हे परत करायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

ते मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, नकळत. बाळंतपणानंतर अशक्तपणा जाईना म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेले होते. त्यांनी जीभ बघायला तोंड उघडायला लावलं आणि दात बघून थांबल्या. "पोटुशी होतीस तेव्हा पण लावत होतीस?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं बाळंतपणं करतेय. मिश्री लावणाऱ्यांची पोरं बारीक निघतात. काही जातात. सांगून सांगून घसा बसला, पण ऐकतंय कोण?"

घरी येताना मी रस्ता बघितलाच नाही. कोरडवाहू म्हणे! माझं पोर माझ्या अंगात मेलं नव्हतं, तिच्या बोटाने मेलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली. घरात शिरून ती डबी चुलीत फेकून द्यावी, असं वाटलं. मग विचार केला, फेकली तर दुसरी येईल, आणि बोलणी खाईन मीच.

वर्षभराने पुन्हा दिवस गेले. आता प्रश्न माझ्या रागापुरता नव्हता. पोटातलं वाचवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचाच भरवसा नव्हता. मी सोडायचा प्रयत्न केला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा डबी घरात आहे म्हटल्यावर माझं बोट आपोआप तिकडे गेलं होतं. डबीत खरी मिश्री असेपर्यंत ते पोर काही वाचत नव्हतं.

मग मी बाभळीचा कोळसा घेतला. कुटला, जुन्या लुगड्याच्या धडप्यातून चाळला. रंग जुळायला गोवरीची थोडी राख, चुणचुणायला मीठ. पहिल्या आठवड्यात चार वाटे मिश्री, एक वाटा कोळसा. पुढच्या आठवड्यात निम्मं-निम्मं. महिन्याभरात डबीत तंबाखू नावालासुद्धा राहिली नाही. घरात वास मात्र यायला हवा, म्हणून तव्यावर एक पान जाळायचे, नाकाला पदर लावून. बाकीची पानं उकिरड्यात.

काय मजा आली म्हणून सांगू! सासूचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं बांधून बसायची. पोट साफ होईना. पण शेजारणीच्या डबीत बोट घालेल तर शपथ. सगळ्यांवर खेकसायची, बैलावर, कोंबड्यांवर, मामंजींवर. तिकडे माझंही तेच चाललं होतं. डबी एकच होती ना. हात थरथरायचे, भाकरी थापताना मोडायची, कारण नसताना रडू यायचं. पण मला माहीत होतं की हे कशाने होतंय, आणि तिला माहीत नव्हतं. तेवढ्यावर मी ते दिवस काढले. ती कण्हायला लागली की मी विचारायचे, "आत्याबाई, वाईच मिश्री लावता का? बरं वाटंल." आणि डबी पुढे करायचे.

बाजाराच्या दिवशी तिने तंबाखूवाल्याला धरला. "मुडदा बशिवला तुझा, पाला इकतोस व्हय रं? दम न्हाई तुझ्या मालात!" तो बिचारा देवाच्या शपथा घेतोय, चार लोक जमलेत, आणि मी मागे पदर तोंडात कोंबून उभी. इतकी हसले, की पोटातल्या पोराने लाथ मारली.

पण माझा सूडसुद्धा मेला माझ्या बाजूचा नव्हता. दोन महिन्यांनी सासू सुधारायला लागली. सकाळचा खोकला गेला. जेवण वाढलं. "आताशा भाकर ग्वाड लागती गं," म्हणायला लागली. घ्या! करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी तिला छळायला कोळसा कुटत होते आणि तो तिच्या अंगी लागत होता. मी दातओठ खात भाकरी वाढायचे.

नऊ महिने भरून मुलगी झाली. चांगली गुबगुबीत. पहिल्याच दमात अशी रडली, की ओसरीवरचे मामंजी उठून उभे राहिले. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, अर्धं झालं. अर्धं बाकी आहे.

ते अर्धं पोरीच्या सहाव्या महिन्यात आलं. तिच्या हिरड्या शिवशिवत होत्या, सारखी किरकिर. दुपारची वेळ होती. सासूने तिला मांडीवर घेतलं, डबी उघडली आणि बोट बुडवलं. "माझ्या मिश्रीच्या गुनानंच ही पोर टिकली. हिरडी फुगलीया, वाईच लावते."

मी मनगट धरलं. सासूचं मनगट धरायचं म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट, पण धरलं. "लावा की," मी म्हणाले, "कोळसाच हाय तो."

तिने डबीत डोकावून बघितलं.

"पोर पोटात हुती तवापासनं कोळसा हाय. बाभळीचा. म्हनून ही जगली." मग मी थांबलेच नाही. नर्सबाई काय बोलल्या ते सांगितलं. आणि दोन-सव्वादोन वर्षं जपून ठेवलेलं ते शेवटी तिच्या पदरात टाकलं, "कोरडवाहूत दाना मरत नव्हता, आत्याबाई. तुमच्या डबीत मरत हुता."

ती चिडेल, शिव्या देईल, मुलाला हाक मारेल, अशी माझी तयारी होती. एकेका बोलण्याला उत्तर तयार होतं. पण तिने डबी नाकाशी नेली. चिमूटभर जिभेवर ठेवली. मग तिचे ओठ हलायला लागले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. मला वाटलं, महिने मोजतेय.

"तुझ्या नवऱ्याच्या येळला," ती हळू म्हणाली, "मी सगळे दिस म्हायेरी हुते. बाप माळकरी. घरात तंबाखूचं पान चालत नव्हतं." अंगठा तिसऱ्या बोटावर थांबला. "मंग माझी ती तिघं गं?"

मला म्हणता आलं असतं, देवाची मर्जी. म्हणता आलं असतं, मला काय ठाऊक. नर्सबाईंनीसुद्धा 'काही जातात' एवढंच सांगितलं होतं. पण मला नदीच्या बाजूला पुरलेला तो एवढासा जीव दिसत होता, आणि भिंतीपलीकडून आलेला तिचा आवाज ऐकू येत होता.

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "तिघंबी."

तिने पोरीला अलगद माझ्या मांडीवर दिलं आणि ते बोट लुगड्याला पुसायला लागली. संध्याकाळी मी चूल पेटवली तेव्हाही ती तिथेच बसून पुसत होती.