भाऊजींची टेलिफोनवरची ओसरी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका शिस्तीत गप्पा मारणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. इतर लोक गप्पा मारतात तेव्हा एकमेकांचं बोलणं तोडतात, विषय सोडतात, मध्येच उठून चहा ठेवतात. भाऊजींकडे गप्पांना आत येण्याची एक रीत आहे आणि बाहेर पडण्याची दुसरी, आणि मधल्या प्रत्येक कृतीला एक अक्षर आहे. हे त्यांनी कुणाकडून उचललं असेल तर ते एका यंत्राकडून. माणसांकडून शिकायला त्यांना कधी सवड झाली नाही.

बल्लारपूरला ते कारखान्याच्या संगणक विभागात होते. इंटरनेट आपल्याकडे यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा हौशी लोक संगणकाला मोडेम नावाचा डबा जोडत, तो डबा टेलिफोनला जोडत आणि फोन लावून थेट दुसऱ्याच्या संगणकात शिरत. ज्याच्या संगणकात शिरायचं तो बोर्ड. तिथे निरोप वाचायचे, लिहायचे, यजमान जागेवर असला तर त्याच्याशी अक्षरांनी बोलायचं आणि निघायचं. भाऊजींनी नागपूरहून मोडेम आणला आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा बोर्ड सुरू केला. नाव ठेवलं ‘ओसरी’. फोनची लाइन एकच असल्यामुळे ओसरीवर एका वेळी एकच पाहुणा. दुसऱ्याने फोन लावला तर त्याला ‘एंगेज’ ऐकू यायचं, आणि ताईच्या माहेरच्यांनाही तेच. मला मुलगी झाल्याचा निरोप ताईला शेवटी गडचिरोलीहून बसच्या कंडक्टरकरवी पाठवावा लागला होता, कारण त्या दिवशी ओसरीवर खाण कॉलनीतला कुणी इंजिनिअर बुद्धिबळाच्या चाली उतरवून घेत बसला होता.

बोर्डावरच्या आज्ञा भाऊजींनी हट्टाने मराठीत केल्या. पडद्यावर अक्षरं रोमनच उमटत, पण V म्हणजे वाचा, L म्हणजे लिहा, U म्हणजे बोर्डावरचं उतरवून घ्या, C म्हणजे आपलं बोर्डावर चढवा. H म्हणजे हाक. H दाबलं की भाऊजींच्या घरात घंटा वाजे आणि ते हातातला घास ताटात टाकून धावत. यात एकच घोटाळा झाला. ‘पुढे जायचं का?’ असं यंत्र जागोजागी विचारायचं, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही, म्हणजे पुन्हा H किंवा N. लोकांची बोटं गोंधळत. पाहुण्याने कशालाही हो म्हटलं की ताईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर घंटा खणखणे. ताई म्हणायची, “एवढं हो तं माह्या लग्नात बी कोणी म्हटलं नाई.” अक्षर बदला असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. भाऊजींचं म्हणणं, एकदा लागलेली सवय मोडणं म्हणजे पाहुण्याचा अपमान.

हळूहळू बोर्डाचे नियम संगणकातून उतरून घरभर फिरू लागले. नव्या दूधवाल्याला भाऊजींनी, ओसरीवरच्या नव्या पाहुण्याला यंत्र विचारी तसं, दारातच नाव, गाव, व्यवसाय आणि आमच्याबद्दल कुणाकडून कळलं हे विचारलं आणि मग म्हणाले, “आता एक पासवर्ड ठेवा.” दूधवाला थोडा विचार करून म्हणाला, “म्हैस.” भाऊजींनी गंभीरपणे सांगितलं, फार सोपा आहे, कुणीही ओळखेल. ओसरीवर आणखी एक नियम होता. काही उतरवून घ्यायचं असेल तर आधी आपलं काहीतरी चढवावं लागे. तोही घरात आला. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत, “काय जी, पोरीची बदली कुठी झाली म्हणे?” की भाऊजी उत्तर देत, “पहिले तुमच्याकडचं काही चढवा.” काकू बिचाऱ्या आपल्या सुनेची एक तक्रार चढवत आणि बदलीचं गाव उतरवून घेत. त्या गल्लीत बातम्यांची अशी चोख देवाणघेवाण तेव्हापासून सुरू आहे.

वेळेच्या मर्यादेने मात्र एकदा घात होता होता राहिला. प्रत्येक पाहुण्याला ओसरीवर ठरावीक वेळ मिळे आणि संपत आली की सूचना येई. भाचीच्या सोयरिकीची बोलणी करायला मुलाकडचे आले होते. होणारे व्याही मोकळेपणाने आपल्या धानाच्या बांध्यांबद्दल, म्हणजे भातखाचरांबद्दल, सांगत होते, तेवढ्यात भाऊजी अतिशय नम्रपणे म्हणाले, “आता तुमची शेवटची पाच मिनिटं राहिली.” व्याह्यांनी हातातला कप खाली ठेवला, बायकोकडे पाहिलं आणि उठून चपला शोधू लागले. ताई धावत अंगणात गेली. “बसा जी भाऊ, ते तुमाले नाई म्हनत, ते सगळ्याईलेच म्हनतेत!” लग्न झालं. पण व्याही अजूनही त्या घरात आले की घड्याळ दिसेल अशा खुर्चीत बसतात.

इंटरनेट आलं, मग मोबाइल आला, आणि ओसरीवरची माणसं एकेक करून उठून गेली. इंजिनिअर गेला, चंद्रपूरचे डॉक्टर गेले, कॉलेजची पोरं तर सांगूनही गेली नाहीत. राहिला एकच माणूस, सिरोंचाचा एक शिक्षक, आता निवृत्त. भाऊजी त्याला गावाच्याच नावाने ओळखतात. “सिरोंचा आला,” असं म्हणतात, जणू अख्खं गाव प्राणहितेच्या काठावरून उठून आलंय. दर बुधवारी दुपारी त्याचा फोन येतो, मोडेम मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा ओरडतो आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागतं. त्याच्या घरात तेलुगू, त्यामुळे मराठीत ‘माझा बायको’ आणि ‘मोठी पाऊस’ हमखास. भाऊजी, जे माझ्या पत्रातलं शुद्धलेखन लाल पेनने सुधारून परत पाठवत, त्यांनी सिरोंचाची एकही चूक कधी सुधारली नाही. नदीला पाणी किती, मिरची वाळली का, नातू काय बोलायला लागला, एवढंच चालतं. आणि बुधवारी दुपारी भाऊजी धुतलेला सदरा घालून संगणकापुढे बसतात. पलीकडून दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी एकदा तसं म्हटलंही. “मग काय झालं? मले तं दिसते ना,” म्हणाले.

इतक्या वर्षांत दोघं एकदाही भेटलेले नाहीत. या पावसाळ्याच्या तोंडावर टेलिफोनवाल्यांकडून कळलं की तांब्याच्या तारेच्या जुन्या लाइनी काढून सगळीकडे नवी फायबर येणार. फायबरवर भाऊजींचा मोडेम चालणार नव्हता. कुणाकुणाला विचारलं, दोन यंत्रं मागवली, परत पाठवली. म्हणजे तार निघाली की ओसरी बंद, आणि ओसरी बंद झाली की सिरोंचा सुटला. भाऊजींनी जेवण कमी केलं. ताईने मला फोन केला, “तू ये, तुले जमते असं काही निस्तरणं.”

मला कामं मार्गी लावायची सवय आहे, म्हणून मी बल्लारपूरला पोचल्याबरोबर साधा उपाय केला. पहिल्याच बुधवारी सिरोंचाकडून बोर्डावर त्याचा मोबाइल नंबर मागून घेतला, माझ्या फोनवरून लावला आणि स्पीकर सुरू करून भाऊजींपुढे ठेवला.

“हॅलो.”

“हॅलो.”

“बरे आहात ना?”

“बरा आहे. तुम्ही?”

“बरा.”

भाऊजींनी उठून पंखा बारीक केला.

“पाऊस?”

“हो. आहे.”

“ठेवू?”

“ठेवा.”

त्यानंतरच्या बुधवारी दोघांनी एकमेकांना, त्या फोनवर काय काय बोलायचं राहिलं हे पडदे भरभरून लिहिलं. भाऊजी मला म्हणाले, “मले वाटे सिरोंचा जाडजूड माणूस असन. आवाज तं पोराचा निंगाला. ओळखच नाई पटली.” मी व्हॉट्सअॅप सुचवलं, तिथेही लिहिताच येतं की. त्यांनी मान हलवली. “त्यात निरोप येते, माणूस नाई येत. इथी माणूस येते. दार वाजवते, नाव सांगते, बसते. तो बसला असला की दुसऱ्या कोणाले जागा नाई. व्हॉट्सअॅपवर मी त्याच्या खिशात पडून राहीन, लाइटच्या बिलासोबत.”

तार काढायचा दिवस नेमका बुधवार निघाला. दुपारी सिरोंचा आला. दोघांचं नेहमीसारखं चाललं होतं. प्राणहितेचं पाणी चढलंय, नातवाला शाळेत घातलंय. तेवढ्यात फाटकाशी लाइनमन येऊन उभा राहिला. “काकाजी, करू काय बंद? मले अजून तीन घरं हायेत.” ताईने त्याला ओट्यावर बसवून पोह्यांची बशी हातात दिली. “खाय आरामात. पाहुना बसला हाये आतमंदी.” त्याने आत डोकावून पाहिलं, खोलीत पाहुणा कुठे दिसला नाही, पण पोहे चांगले होते.

आता निघण्याची वेळ. ओसरीवरून बाहेर पडायची आज्ञा J, म्हणजे जातो. सगळे दाबत, पण सिरोंचाने ते अक्षर आजवर एकदाही दाबलेलं नव्हतं. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, ही आपली रीत त्याने मराठीसोबतच उचलली होती. तो दर वेळी ‘येतो’ असं लिही आणि सरळ लाइन सोडून देई. मग भाऊजींचं यंत्र अडकून बसे आणि बंद करून पुन्हा लावावं लागे. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण आज दोघांपैकी कुणीच काही लिहीना. पडद्यावर नुसता ठिपका लुकलुकत होता. भाऊजींचे हात मांडीवर होते.

ताई पाठीमागे येऊन उभी राहिली. घंटेने जिचे कान किटले, जिने त्या डब्याला आयुष्यभर नावं ठेवली, ती म्हणाली, “सरका जरा.” आणि एका बोटाने अक्षरं हुडकत तिने लिहिलं, ‘भाऊ, मी वहिनी. घरी जेवायला या. कधी येता?’ तिला एवढं लिहायला इतका वेळ लागला की भाऊजींची बोटं नुसती वळवळत होती. मग पलीकडून एकेक अक्षर उमटलं. ‘वहिनी, येतो.’ आणि लाइन सुटली.

“येतो म्हणे!” भाऊजी उभेच राहिले.

“अवो, ते तं तो दर बुधवारीच लिहिते,” ताई हळूच म्हणाली. “निंगतानीचं येतो हाये ते.”

“पन आज तू जेवाले बोलावलं ना? तू कधी येता विचारलं, तो येतो म्हणे. आता याचा दुसरा अर्थ काय होते?”

लाइनमनने बशी खाली ठेवली. “मले विचाराल तं काकाजी, तो येते,” म्हणाला, आणि शिडी घेऊन खांबाकडे गेला.

नंबर माझ्या फोनमध्ये होता. एका मिनिटाचं काम. मी फोन काढला, “विचारून घेऊ का, नेमकं काय ते?” भाऊजींनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलेलं मला आठवत नाही. “नको,” म्हणाले, “विचारलं की त्याले सांगा लागते. तब्येत, नदी, नातू, काहीतरी निंगते. राहू दे.” मी ताईकडे पाहिलं. तिनेही मान हलवली. मी फोन पर्समध्ये ठेवला.

याला आता महिना होत आला. पुढच्या खोलीतला संगणक तसाच आहे. ताई सांगते, भाऊजींचं जेवण पूर्ववत झालंय. फक्त एक नवं काढलंय. सिरोंचाहून इकडे यायचं तर तेलंगणातल्या मंचेरियालला येऊन गाडी धरणं सोयीचं, आणि त्या बाजूची एक गाडी सकाळी बल्लारपूरला लागते. त्या वेळेला भाऊजी धुतलेला सदरा घालून स्टेशनकडे निघतात. ताईने विचारलं, कुठे? तर म्हणाले, पेपर आणायला. तिने पुढे काही विचारलं नाही. पेपर तर घरीच येतो. ते निघतात तेव्हा फाटकाशी पडलेला असतो, आणि ते त्याला ओलांडून जातात.