ग्लासगोत गोठलेला गणपती

“हात लावायचा नाही! काम होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही!” सासूबाई कराडहून एवढ्या जोरात ओरडत होत्या की मध्ये फोन नसता तरी आवाज ग्लासगोला पोचला असता, वाटेत दुबईला विमानही बदलावं लागलं नसतं. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी होते. अंगात कोट, कोटावर गाऊन, गाऊनवर शाल, डोक्याला मफलर. हातात स्टीलची वाटी. वाटीत बर्फ, आणि बर्फात गणपती. माझ्या माहेरचा, पितळेचा, अंगठ्याएवढा. सोंडेपर्यंत गोठलेला, वर फक्त मुकुट आणि दोन डोळे.

“आई, अहो पण तो गोठलाय,” मी म्हणाले.

“त्याला काय होतंय? कैलासावर जन्म गेलाय त्याचा! तू कालची पोर त्याला थंडी सांगतेस? मी पण ठेवलाय ना माझा घंगाळात! आणि उद्या शेवटचा दिवस, आज काढशील तर सगळं मुसळ केरात!”

त्याचं असं झालं होतं. मी इथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. या देशात कायम राहायचा परवाना मला मिळाला आणि त्यानंतर माझं निखिलशी लग्न झालं. निखिल कराडच्या शाळेत गणित शिकवतो. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन प्रमेयं असतात. लग्नाची हळद पुरती उतरायच्या आत मी ड्युटीवर हजर, एकटी. मग आमचा संसार फोनच्या पडद्यावर सुरू झाला. तो तिकडे जेवायला बसला की मी इकडे चहाचा कप घेऊन समोर बसायची, आणि सासूबाई मागून पडद्यालाच पोळी वाढायला यायच्या. नवऱ्याला इकडे आणायचं तर बायकोनं त्याला स्पॉन्सर करायचं असतं. म्हणजे आमचं लग्न खरं आहे, मी कमावती आहे आणि त्याला ठेवायला माझ्याकडे जागा आहे, हे सरकारला पटवायचं. लग्न पटवायला मी इतके फोटो जोडले की अर्ज तपासणाऱ्या साहेबाला आमच्या घरच्या पुढच्या मुंजीचं आमंत्रण देणं भागच होतं. पण अडलं ते जागेशी. घराच्या करारावर माझ्या एकटीचं नाव. नवरा इथे राहिला तर माझी हरकत नाही, असं घरमालकाचं पत्र सोमवारपर्यंत द्या, असं कळवलं गेलं. पत्र नाही दिलं तर अर्ज फेटाळला जाणार, आणि मग सगळं पहिल्यापासून.

आता हा घरमालक मी जन्मात पाहिलेला नव्हता. त्याच्याशी सगळा व्यवहार ईमेलवर. पूर्वी नळ गळतो म्हणून कळवलं की तासाभरात गोड उत्तर यायचं, शेवटी एक हसरा चेहरा. पण गेल्या वर्षापासून त्या पत्त्यावरून काहीच येत नव्हतं, आणि माझीही काही तक्रार नसल्यानं मी लक्ष दिलं नव्हतं. या वेळी मात्र मी ईमेलांचा पाऊस पाडला. विनंती केली, आठवण केली, शेवटी तर इंग्रजीत रडले. पलीकडे शुकशुकाट. निखिल म्हणाला, “नाही मिळालं तर पुन्हा अर्ज करू.” त्याच्या दिवसाच्या चारातलं ते एक वाक्य. फोन ठेवताना त्याचा आवाज थोडा बसला होता. प्रमेय सांगताना त्याचा आवाज कधी बसत नाही.

मी तशी फार देवभोळी नाही. देवाशी माझं शेजाऱ्यासारखं आहे. जिन्यात भेटला तर हसायचं, रोज घरात बोलवायचं नाही. पण सासूबाईंनी सांगितलं, देव पाण्यात घाल, तो गुदमरला की धावतो. आणि मी घातला. कारण ईमेलला उत्तर न आलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो. खिडकीच्या कट्ट्यावर वाटी ठेवली, गणपती पाण्यात बसवला, समोर उदबत्ती लावली. आमच्या फ्लॅटमधला स्मोक अलार्म कट्टर नास्तिक आहे. उदबत्तीचा एक धागा वर गेला की अख्खी इमारत रस्त्यावर येईल असा किंचाळतो. म्हणून उदबत्ती लावायची तर खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, हा आमचा पूजाविधी. इथल्या प्रत्येक मराठी घरात हा विधी आहे, फक्त पोथीत लिहिलेला नाही.

त्या शुक्रवारी मी उदबत्ती लावली, खिडकी उघडली आणि लेस्टरला मैत्रिणीकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले. खिडकी तशीच. रविवारी दुपारी परतले तर मागच्या मागे घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरनं राम म्हटलेला. घरात अशी थंडी की ‘अगं बाई’ म्हटलं तर ‘अगं’ बाहेर यायचं आणि ‘बाई’ दातावर चिकटून राहायची. आणि कट्ट्यावर हा असा, बर्फात.

सासूबाई ओरडत होत्या आणि मी त्याच्याकडे बघत होते. इथून पुढचं मात्र मी मीठमसाला न लावता सांगते. माझं काम काय, तर आखडलेली माणसं मोकळी करायची. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा. आधी गरम टॉवेल ठेवायचा, मग हळूहळू हलवायचं, दुखलं की थांबायचं. दुखणाऱ्या माणसाला ओलीस धरून ‘चाल, नाहीतर सोडणार नाही’ असं मी कधी म्हटलेलं नाही. आणि घरी मी काय केलं होतं? माझं काम होत नाही म्हणून एका चिमुकल्या देवाला थंड पाण्यात बसवला होता आणि वर स्वतः तिळगूळ खाऊन आले होते. त्याच्या त्या दोन डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. तो नुसता बसला होता, इस्पितळात नंबर यायची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

मी फोन बंद केला. नेटवर्क गेलं असं सांगायचं ठरवलं. ग्लासगोत नेटवर्क जातं, त्यामुळे हे खोटंही नाही. आणि वाटीला म्हणाले, “निखिल येवो न येवो. तू बाहेर ये.”

बोलून गेले आणि मग धसका बसला. बरेच दिवस मी त्याला एकच धमकी देत होते आणि आता तीही मागे घेतली होती. हातात काही उरलं नव्हतं. किटली चालू होती, पण देवावर उकळतं पाणी ओतायचा धीर होईना. वाटी पदराखाली, म्हणजे गाऊनखाली धरली आणि मी दगडी जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या आजीचं दार वाजवलं. या आजीशी इतक्या वर्षांत ‘हवा काय वाईट आहे’ यापलीकडे माझं बोलणं नव्हतं. मॉराग तिचं नाव. दार उघडून तिनं माझ्या अवताराकडे पाहिलं, मग वाटीकडे.

“काय झालं, हेन?” ग्लासगोत बायकांना प्रेमानं हेन म्हणतात, म्हणजे कोंबडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडायला उठले होते. त्या दिवशी मात्र त्या एका कोंबडीनं माझे डोळे भरून आले.

“हा माझा देव आहे,” मी म्हणाले. “गोठलाय. जरा तुमच्या हीटरजवळ ठेवू का?”

मला वाटलं, आता ही दार लावणार. पण तिनं वाटीत डोकावून गंभीरपणे विचारलं, “आजारी आहे का ग तो?” आणि वाटी माझ्या हातातून घेतली, भांडी पुसायच्या टॉवेलात गुंडाळली आणि रेडिएटरच्या बाजूला स्टुलावर ठेवली; जरा लांब, एकदम जवळ नाही. मी आजारी माणसाला जशी ठेवते तशी. मग मला चहा दिला आणि बॉयलरचं विचारलं. मी सगळंच सांगून टाकलं. बॉयलर, पत्र, सोमवार, ईमेल.

“ईमेल?” मॉराग म्हणाली. “अगं, तो कसला ईमेल बघतोय! ते सगळं त्याची बायको करायची. ती गेली की ग, गेल्या वर्षी.”

म्हणजे इतके दिवस मी एका गेलेल्या बाईच्या दारात उभी राहून हाका मारत होते, आणि तिच्यामागे एकटा बसलेला म्हातारा ते दार उघडतच नव्हता. मॉरागनं भिंतीवरचा फोन उचलला, घरमालकाला लावला आणि जवळजवळ सासूबाईंच्या पट्टीत ओरडली, “जिम! तुझ्या वरच्या पोरीचं घर बर्फ झालंय! हीटर घे आणि ये!”

दिवस मावळायच्या आत जिम आला. दोन हीटर, एक घोंगडी आणि कशासाठी कोण जाणे, एक मोठा केक. बॉयलरवाला दुसऱ्या दिवशी येईल म्हणाला आणि दहा वेळा माफी मागितली. मी पत्राचं सांगितलं. मग मॉरागच्याच टेबलाशी बसून त्यानं कागद मागितला आणि हळूहळू, वळणदार अक्षरात लिहिलं. मध्येच मान वर करून मला विचारलं, “तुझ्या नवऱ्याला दिवा बदलता येतो का?”

“येतो,” मी छातीठोकपणे म्हणाले. निखिलला दिव्याचं क्षेत्रफळ काढता येतं, बदलता येत नाही. पण देव वितळत असताना थोडं इकडेतिकडे चालतं.

“चांगलं,” जिम म्हणाला. “घरात दुसरं माणूस असावं. नाहीतर बोलायचं कुणाशी?” आणि त्यानं सही केली. त्याच क्षणी स्टुलावर टण्ण झालं. बर्फ सुटून गणपती वाटीच्या कडेला टेकला होता. मी याला चमत्कार म्हणत नाही. रेडिएटरजवळ बर्फ वितळतो, हे शाळेत शिकवतात. मी फक्त आवाज कधी झाला ते सांगते आहे.

पत्र त्याच संध्याकाळी गेलं, व्हिसा नंतर आला, आणि वसंत लागता लागता निखिलही आला. विमानतळावर मी जोरजोरात हाका मारल्या, एवढ्या की दोन कुत्री भुंकली. तो समोर येऊन उभा राहिला, माझा हात धरला आणि त्या दिवसाची चारही वाक्यं वापरायला विसरला.

आता आमचा गणपती मायक्रोवेव्हच्या वर, उबेला असतो. मी त्याच्याकडे काही मागत नाही असं नाही. मी माणूस आहे, मागतेच. पण अट घालत नाही. एवढं कळलं की मूठ आवळून ठेवली होती तोवर मी एकटीच खिडकीशी उभी होते. मूठ सोडली तेव्हा जिना उतरले, आणि खाली दार होतं. त्या दारामागे जी बसली होती तिच्या रूपानं कोण बसलं होतं, ते मला विचारू नका. रोज उदबत्ती लावताना, चार बोटं खिडकी उघडताना, मी त्याला आणि खालच्या मॉरागला, दोघांनाही नमस्कार करते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून होती. सासूबाईंना मी खरं सांगितलंच नव्हतं. त्या सगळीकडे सांगत सुटल्या होत्या, सुनेनं देव पाण्यात ठेवला, धीर सोडला नाही, म्हणून पोरगा गेला. निखिल आल्यावर एका रविवारी मी धीर केला. फोन लावला, निखिलला शेजारी बसवला, आणि खिडकीपासून टण्णपर्यंत सगळं सांगितलं. “आई, तुमचं ऐकलं नाही हो,” मी म्हणाले. “काम व्हायच्या आधीच मी त्याला बाहेर काढला. तुम्ही तिकडे तुमचा घंगाळात ठेवून बसलात आणि मला नाही राहवलं. माफ करा.”

पडद्यावर सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“माझा तर मी ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढला,” त्या म्हणाल्या. “पाणी फार गार होतं.”